तऱ्हेवाईक गाण्यांचा फड

गाण्यांना क्रमांक लावणे आपल्याला नवे नाही. बुधवारी रात्री आठ वाजता रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला सुरू झाली की घरोघर ताटे खोळंबत, आणि अमीन सायानी एकेक ‘पायदान’ वर चढू लागले की आपले आवडते गाणे या आठवड्यात चढले की घसरले, या काळजीने शाळकरी पोरांपासून पेन्शनरांपर्यंत सर्वांचा जीव टांगणीला लागे. पण त्या शिडीवर गाणी एकमेकांच्या अंगाला हात लावीत नसत. एक तिसऱ्या पायरीवर उभे, दुसरे सातव्या. वरच्याने खालच्याकडे बघून हसावे, इतकाच संबंध. कुस्तीचे तसे नाही. तिथे जोड लागते, अंगाला माती लागते आणि दोघांतला एक जण घरी जातो.

अमेरिकेत दर मार्च महिन्यात कॉलेजांच्या बास्केटबॉल संघांचा असा बाद पद्धतीचा सामना भरतो. साठ-सत्तर संघांचा तक्ता छापून निघतो आणि ऑफिसातल्या शिपायापासून थेट राष्ट्राध्यक्षापर्यंत जो तो आपापले भाकीत त्या तक्त्यात भरून मोकळा होतो. या नादाने तिकडे इतके मूळ धरले आहे की लोक आता सिनेमे, बिस्किटे, कादंबऱ्या, गाणी, वाटेल ती वस्तू तक्त्यात घालून झुंजवतात. हा लेख म्हणजे तसलाच उद्योग आहे. फक्त बास्केटबॉलचे गुळगुळीत लाकडी मैदान आमच्या परिचयाचे नसल्यामुळे आम्ही जत्रेतला लाल मातीचा फड पसंत केला आहे. हलगी आहे, नारळ फोडला आहे, गर्दी कडेने बसली आहे, असे वाचकांनी समजून चालावे.

झुंजणार कोण? तर १९८० ते १९८९ या दहा वर्षांतली विलायती पॉप गाणी, आणि त्यांतलीही तऱ्हेवाईक तेवढीच. हेच दशक का, असे कोणी विचारील. तऱ्हेवाईकपणाला तेव्हाइतके चांगले दिवस आधी आले नव्हते. १ ऑगस्ट १९८१ रोजी अमेरिकेत एमटीव्ही ही रात्रंदिवस गाणी दाखवणारी वाहिनी सुरू झाली. दाखवायला वेळ चोवीस तासांचा आणि हाताशी चित्रफिती मूठभर. तेव्हा ज्याच्याकडे चित्रफीत असेल त्याला दार उघडे. मग तो ऑस्ट्रेलियाचा असो, जर्मनीचा असो की अंगाला फेटाळेल असा पोशाख घातलेला असो. दुसरे असे, की विजेवर वाजणारी वाद्ये एकाएकी स्वस्त झाली. ज्याला पेटीचे सूर धड लागत नव्हते तोही बटण दाबून अख्खा वाद्यवृंद वाजवू लागला. अशा गाण्यांना तिकडे ‘एका हंगामाची गाणी’ म्हणून नाके मुरडणारे पुष्कळ आहेत. आमच्या मते त्यांतल्या काहींच्या पोटात त्या काळच्या गंभीर गाण्यांपेक्षा जास्त ऐवज दडलेला होता. तो बाहेर काढायला झुंजीसारखा उपाय नाही.

नियम एकच. खप किती झाला हे फक्त फडात शिरण्याचे तिकीट. आत आल्यावर पंच एवढेच बघणार, की हसू ओसरल्यावर गाण्यात काय उरते. पंच अर्थात प्रस्तुत लेखक. घरातल्या मंडळींना कडेला बसून ओरडण्याचा हक्क राहील. तो आम्ही दिला नसता तरी त्यांनी घेतलाच असता.

आठ गडी निवडले आणि चिठ्ठ्या टाकल्या. पहिलीच जोड अशी निघाली की पंचालाही हसू आवरेना. एका बाजूला ‘शडप यू फेस’, म्हणजे ‘गप बस’. आणि दुसऱ्या बाजूला ‘डोंट वरी, बी हॅपी’, म्हणजे ‘काळजी करू नको’. घरातल्या वडीलधाऱ्यांकडून आपण आयुष्यभर ऐकत आलो ती नेमकी हीच दोन वाक्ये!

‘गप बस’ गाणारा जो डोल्से हा अमेरिकेतल्या ओहायोचा, इटालियन वंशाचा. पुढे तो ऑस्ट्रेलियात मेलबर्नला जाऊन राहिला. मोडक्यातोडक्या इटालियन ढंगाच्या इंग्रजीत रागावणारी आई त्याने या गाण्यात आणली. पोराचे तोंड उतरलेले बघून ती त्याला दटावते, इतकाच मामला. १९८० साली ऑस्ट्रेलियात ते गाजले आणि १९८१ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये इंग्लंडात तीन आठवडे पहिल्या क्रमांकावर बसले. त्या तीन आठवड्यांत त्याच्या खाली, दुसऱ्या क्रमांकावर, अल्ट्राव्हॉक्स या मंडळीचे ‘व्हिएन्ना’ हे गाणे ताटकळत उभे होते. ‘व्हिएन्ना’ मोठे रुबाबदार, धुक्यात गुंडाळलेले, खानदानी गाणे. पण ‘गप बस’ म्हणणारी आई काही उठेना! ‘व्हिएन्ना’ला पहिला क्रमांक कधीच मिळाला नाही. हा अन्याय इंग्रजांच्या मनाला इतका लागून राहिला की पुढे तीस वर्षांनी बीबीसीच्या श्रोत्यांनी दुसऱ्या क्रमांकावर अडकलेल्या गाण्यांतले सर्वांत लाडके म्हणून त्याचीच निवड केली. आम्हांला विचाराल तर अन्यायबिन्याय काही झाला नाही. स्वयंपाकघरातल्या खऱ्या आईपुढे धुक्यातली सुंदरी हरायचीच.

पण समोर बॉबी मॅकफेरिन होता. त्याच्या गाण्यात शीळ ऐकू येते, तालवाद्य ऐकू येते, खालच्या पट्टीतले तंतुवाद्य ऐकू येते. आणि यांतले एकही वाद्य तिथे नसते. सगळे आवाज या एकाच गृहस्थाच्या गळ्यातून निघालेले आणि एकावर एक चढवून मुद्रित केलेले. १९८८ च्या सप्टेंबरात हे गाणे अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेले. वाद्याचा स्पर्शही न झालेले गाणे तिथल्या त्या यादीत शिखरावर जाण्याची ती पहिलीच वेळ. आमच्या लहानपणी तोंडाने तबला वाजवणाऱ्या मुलाला मास्तर बाकावर उभे करीत. मॅकफेरिनला १९८९ साली ग्रॅमी पारितोषिके मिळाली. आणखी एक गंमत म्हणजे निम्मे जग आजही हे गाणे बॉब मार्लेचे समजते. मार्ले १९८१ सालीच वारला होता. तेव्हा हे गाणे त्याने गायचे तर परलोकातूनच गायला हवे. गळ्याच्या या करामतीपुढे डोल्सेच्या आईने हात टेकले. ‘गप बस’ गप बसले.

दुसरी जोड दोन म्हाताऱ्यांची, तरुणांचे कपडे घातलेल्या. ‘बर्डी साँग’ हे १९८१ साली इंग्लंडात दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेलेले, चोच उघडमीट करीत आणि कोपरांचे पंख फडफडवीत नाचायचे गाणे. त्याची चाल मात्र दाव्होसच्या वेर्नर थोमास या स्विस अकॉर्डियनवाल्याने १९५० नंतरच्या दशकात बांधलेली. त्याच्या मनात बदके होती. इंग्लंडात आल्यावर त्यांची पाखरे झाली, अमेरिकेत गेल्यावर कोंबडी. समोरचे ‘पुटिंग ऑन द रिट्झ’ त्याहून जुने: अर्व्हिंग बर्लिनने १९२९ साली प्रसिद्ध केलेले. टाको नावाच्या, जकार्तात जन्मलेल्या डच तरुणाने त्याला विजेच्या वाद्यांचा कोट चढवला आणि १९८३ साली ते अमेरिकेत चौथ्या क्रमांकावर नेले. तेव्हा बर्लिन हयात होता. वय वर्षे पंच्याण्णव! आपण चोपन्न वर्षांपूर्वी प्रसिद्ध केलेले गाणे नातवाच्या वयाची पोरे यंत्रावर वाजवताहेत, हे बघण्याचे भाग्य किती गीतकारांच्या वाट्याला येते? या एका म्हाताऱ्याच्या आदराखातर आम्ही कुस्ती ‘रिट्झ’ला दिली. पाखराने पंख मिटले आणि ते कडेला जाऊन बसले. निदान आम्हांला तेव्हा तसे वाटले.

तिसरी जोड दोन जर्मनांची. ‘डा डा डा’ आणि ‘नव्व्याण्णव फुगे’, म्हणजे मूळ जर्मन नाव घ्यायचे तर ‘नॉयनउंडनॉयनत्सिश लुफ्टबलोन्स’. हे नाव उच्चारता उच्चारता कुस्ती संपेल म्हणून आम्ही फुगेच म्हणणार.

‘डा डा डा’ गाणाऱ्या मंडळीचे नाव ट्रिओ. तीन माणसे, त्यांतला ढोलवाला विदूषकाची विद्या शिकून आलेला. गाण्याचा अर्थ काय, तर माझे तुझ्यावर प्रेम नाही, तुझे माझ्यावर नाही, ठीक आहे. पुढे काही नाही. प्रेमगीतातून प्रेम काढून टाकले तर किती जागा मोकळी होते, हे या तिघांनी दाखवून दिले. त्यांच्या हातातले वाद्य त्याहून मजेशीर होते. कॅसिओ कंपनीचा व्हीएल-वन म्हणून एक नग त्या सुमारास निघाला होता. तो गणकयंत्र होता आणि वाद्यही होता. दिवसा हिशेब करावा, रात्री गाणे वाजवावे! त्यातला ठरीव ठेका सुरू करून त्यांनी १९८२ साली युरोपभर धुमाकूळ घातला, आणि इंग्लंडात दुसरा क्रमांक पटकावला. ध्वनिमुद्रणामागे होता क्लाउस फोरमान. बीटल्सच्या ‘रिव्हॉल्व्हर’ या तबकडीचे वेष्टनचित्र काढणारा तोच हा माणूस. म्हणजे वेडेपणा अडाण्यांचा नव्हता, जाणत्यांचा होता. अडत दुकानातल्या मुनिमाने चोपडी बाजूला सारून त्याच गणकयंत्रावर भैरवी वाजवावी, अशी काहीतरी ही कल्पना आहे, आणि पंचाला ती फार आवडते.

पण फुगे वर गेले होते. १९८२ च्या जून महिन्यात पश्चिम बर्लिनमध्ये रोलिंग स्टोन्सचा जलसा चालला होता. तिथे फुग्यांचा एक मोठा झुबका हवेत सोडण्यात आला. नेना या मंडळीतला गिटारवाला कार्लो कार्गेस ते फुगे बघत राहिला. दूर जाता जाता त्यांचा आकार बदलला, एखादे परके यान तरंगत असावे तसे ते दिसू लागले. आणि हे बर्लिन होते. वारा फिरला तर फुगे भिंत ओलांडून पलीकडे जाणार. पलीकडे दुर्बिणी लावून बसलेल्या शिपायांना ते काय वाटतील? इतक्या एका विचारावर गाणे उभे राहिले. क्षितिजावर नव्व्याण्णव फुगे दिसतात, कोणी सेनापती विमाने धाडतो, वैमानिक शौर्य गाजवण्याच्या हौसेने गोळ्या झाडतात, शेजारचे बिथरतात, मंत्र्यांना युद्ध हवेच असते. आणि शेवटी जिंकायला कोणी शिल्लक राहत नाही. हे सगळे नाचायच्या चालीवर! ‘डा डा डा’ने गणकयंत्र मिटले आणि हिशेब चुकता केला.

चौथ्या कुस्तीत उसनवारीचा प्रश्न निघाला, आणि तो अवघड होता.

‘डाउन अंडर’ हे मेन ॲट वर्क या ऑस्ट्रेलियन मंडळीचे गाणे. १९८३ च्या जानेवारीत अमेरिका आणि इंग्लंड दोन्हीकडे पहिले. जगभर भटकणारा एक ऑस्ट्रेलियन आणि त्याला वाटेत भेटणारी चमत्कारिक माणसे, असा विषय. पण ते लक्षात राहते ते ग्रेग हॅमच्या बासरीमुळे. चित्रफितीत हा ग्रेग हॅम झाडावर बसून बासरी वाजवतो. पंचवीस वर्षे कोणालाच काही खटकले नाही. मग २००७ साली तिकडच्या दूरचित्रवाणीवरच्या एका प्रश्नमंजूषेत विचारण्यात आले, की ही बासरी कोणत्या बालगीताची आठवण करून देते? उत्तर होते ‘कुकाबरा’. मेरियन सिंक्लेअर या मेलबर्नच्या शिक्षिकेने १९३२ साली रचलेले, ऑस्ट्रेलियातल्या प्रत्येक मुलाने शाळेत म्हटलेले गाणे. बाई १९८८ साली वारल्या. त्यांनी कधी तक्रार केली नव्हती. पण गाण्याचे हक्क १९९० साली लॅरिकिन या कंपनीने ६,१०० ऑस्ट्रेलियन डॉलर्सना विकत घेतले होते, आणि कंपनीने दावा लावला. बासरीतले दोन लहानसे तुकडे त्या बालगीतातून आले आहेत, असे २०१० साली न्यायालयाने ठरवले आणि २००२ पासूनच्या मानधनातला पाच टक्के वाटा कंपनीला देवविला. लोक आपल्याला चोर म्हणून लक्षात ठेवतील, ही सल हॅमने बोलून दाखवली होती. २०१२ च्या एप्रिलात तो घरात मृतावस्थेत सापडला. वय ५८.

लहानपणी कानांत बसलेला एखादा सूर तरुणपणी बोटांतून आपोआप निघावा, ही चोरी म्हणायची का? ज्या प्रांतात आजीच्या ओव्या, अंगाई आणि भोंडल्याची गाणी मालकाविना फिरत आली, तिथल्या पंचाला हे ‘हो’ म्हणवत नाही. पण निकाल कोर्टाचा आहे. आम्ही फक्त कुस्तीपुरते बोलू.

समोर उभी होती बर्मिंगहॅमची पाच पोरे. दोन वेट बंधू, दोन ग्रँट बंधू आणि डेनिस सीटन. मंडळीचे नाव म्युझिकल यूथ. सर्वांत धाकटा केल्विन अकरा वर्षांचा. त्यांचे ‘पास द डची’ही उसनेच होते, पण उघडपणे उसने. जमैकाच्या मायटी डायमंड्स या मंडळीचे ‘पास द कूची’ म्हणून एक गाणे होते, आणि त्याचा पाया आणखी जुन्या, १९६० नंतरच्या दशकातल्या एका जमैकन वादनाचा. कूची म्हणजे गांजा ओढायची चिलीम. चिलीम इकडे सरकवा, असा त्या गाण्याचा भाव. आता अकरा वर्षांच्या पोराच्या तोंडी चिलीम कशी द्यावी? तेव्हा एक शब्द बदलला. कूचीची डची झाली. डची म्हणजे जमैकातले जाड बुडाचे, लोखंडी, स्वयंपाकाचे पातेले.

एका शब्दाने गाणे कुठून कुठे गेले बघा! चिलीम फिरवणाऱ्या टोळक्याचे गाणे पातेले फिरवणाऱ्या घराचे झाले. मूळ गाण्यात नशा नसली तर कसे वाटते, असे विचारले होते. पोरांनी विचारले, घरात अन्न नसले तर कसे वाटते? इंग्लंडात तेव्हा बेकारांची संख्या तीस लाखांवर गेली होती, आणि बर्मिंगहॅमच्या कारखान्यांना कुलपे लागत होती. १९८२ च्या ऑक्टोबरात हे गाणे इंग्लंडात पहिले झाले. थेम्सच्या काठी, पार्लमेंटच्या समोरच्या अंगाला, ही पोरे वाजवत उभी राहिली आणि ती चित्रफीत अमेरिकेत एमटीव्हीवर दिसली. त्या वाहिनीवर काळे चेहरे तेव्हा शोधूनच सापडत. असे हे ‘सोवळे’ केलेले गाणे. सेन्सॉरच्या कात्रीने गाणे सुधारल्याचे दुसरे उदाहरण आम्हांला तरी ठाऊक नाही. कुस्ती पातेल्याची.

इथवर सारे सुरळीत झाले. पहिल्या उपांत्य कुस्तीत ‘डोंट वरी’समोर ‘रिट्झ’. एकात नुसती यंत्रे, दुसऱ्यात नुसता गळा. शिवाय टाकोच्या मूळ चित्रफितीत तोंडाला काळा रंग फासलेले नाचे होते. पुढे ती दृश्ये गाळून दाखवू लागले, पण एकदा दिसलेले विसरता येत नाही. समोर मॅकफेरिन. त्याचे वडील रॉबर्ट मॅकफेरिन हे १९५५ साली न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात गाणारे पहिले कृष्णवर्णीय पुरुष गायक. मुलाने हात न हलवता कुस्ती मारली.

दुसऱ्या उपांत्य कुस्तीला मात्र पंचाने पाणी मागितले. फुगे आणि पातेले. घरातली निम्मी मंडळी पोरांच्या बाजूने ओरडत होती आणि पंचाचे मनही तिकडेच ओढत होते. ग्रॅमीच्या नवोदितांच्या यादीत या पोरांचे नाव लागले, मोठमोठ्या मैफिली झाल्या. आणि १९८५ साली मंडळी फुटली. विशीच्या आतच ‘पूर्वी गाजलेले’ झाले! पॅट्रिक वेट १९९३ साली चोविसाव्या वर्षी वारला. त्याचा भाऊ ज्युनियर २०२२ साली गेला. लहान मुलांना घोड्यावर बसवून मिरवायला गाव सगळा येतो, खाली उतरवून घ्यायला मात्र कोणी थांबत नाही. सीटन आणि मायकेल ग्रँट यांनी पुढे तेच नाव घेऊन गाणे चालू ठेवले, एवढेच समाधान.

पण कणव हा डाव नव्हे. फुग्यांनी जर्मन भाषेतच अमेरिकेत दुसऱ्या क्रमांकापर्यंत मजल मारली. १९८४ साल होते, ऐकणाऱ्या बहुतेकांना एक अक्षर कळत नव्हते, आणि तरी नेनाच्या आवाजातली ती हाक पोचत होती. इंग्लंडात इंग्रजी अवतार पहिला आला खरा, पण तो या मंडळींना स्वतःलाच फारसा रुचला नव्हता. परक्या भाषेत जो गडी इतका लढतो त्याला हरवायचे कसे? पातेले उताणे पडले. हलगीवाल्याने क्षणभर हात थांबवला.

अंतिम कुस्ती लागली तेव्हा घरातून आरडाओरडा सुरू झाला, की पंचाने बाजूला व्हावे, त्याचा एका गड्याशी गाववाला म्हणून संबंध आहे. हा आरोप खुलासेवार सांगायला हवा.

‘डोंट वरी, बी हॅपी’ हे शब्द मॅकफेरिनचे नव्हेत. सॅन फ्रान्सिस्कोत टक आणि पॅटी या गाणाऱ्या जोडप्याच्या घरी भिंतीवर एक चित्र लावलेले होते, त्यावर त्याने ते वाचले. चित्र होते मेहेरबाबांचे. मेरवान शेरियार इराणी, जन्म २५ फेब्रुवारी १८९४, पुणे. शिक्षण सेंट व्हिन्सेंट आणि डेक्कन कॉलेज. नगरजवळ अरणगावच्या माळावर मेहेराबाद वसवणारे ते हेच. १० जुलै १९२५ पासून त्यांनी मौन धरले आणि ३१ जानेवारी १९६९ ला देह ठेवीपर्यंत, साडेत्रेचाळीस वर्षे, ते मोडले नाही. आधी अक्षरांच्या पाटीवर बोट फिरवून आणि १९५४ नंतर नुसत्या हातांच्या खुणांनी ते बोलत. म्हणजे सगळी वाद्ये गळ्यातून काढणाऱ्या माणसाने जगाला ऐकवले ते गळ्यातून शब्दही न काढणाऱ्या माणसाचे वाक्य. पुण्याला जन्मलेले, नगरच्या माळावर राहिलेले वाक्य सॅन फ्रान्सिस्कोच्या भिंतीवरून निघून अमेरिकेच्या यादीत पहिले आले! कोणत्या मराठी पंचाचे हात थरथरणार नाहीत?

पण नेमके त्या वाक्यातच पाणी मुरते. मेहेरबाबांच्या संदेशात या शब्दांच्या आधी एक सांगणे होते, की तुझ्याकडून होईल तेवढे उत्तम कर. आणि नंतर एक आश्वासन होते, की मी साहाय्य करीन. गाण्यात मधला तुकडा आला, दोन्ही टोके गळाली. घरभाडे थकले आहे, मालक कोर्टात खेचतो आहे, अंथरूणही कोणी नेले आहे, तरी हास, एवढेच उरले. १९८८ च्या निवडणुकीत थोरल्या बुश यांच्या प्रचारात ते वाजू लागले. मॅकफेरिनने हरकत घेतली आणि प्रचारकांना ते सोडावे लागले. पण प्रचारकांना हे गाणे हवेसे वाटले यातच काय ते आले. पुढच्याच वर्षी पब्लिक एनिमी या न्यूयॉर्कच्या काळ्या मंडळींनी आपल्या ‘फाइट द पॉवर’ या गाण्यात त्याला नाव घेऊन टोला हाणला. ज्याचे घर गळते त्याला छत्री देण्याऐवजी शीळ वाजवायला शिकवणे त्यांना पटले नाही. त्यांचा राग आम्हांला गैर वाटत नाही. दिवसभराच्या कटकटीनंतर हे गाणे कानावर पडले की आम्हांला बरे वाटते, हेही तितकेच खरे.

आता फुगे. गाणे आले १९८३ च्या आरंभी. त्याच वर्षी १ सप्टेंबरला सोव्हिएत विमानाने एक कोरियन प्रवासी विमान पाडले. आकाशात चुकून भलतीकडे गेलेली वस्तू, आणि २६९ माणसे गेली. २६ सप्टेंबरच्या रात्री मॉस्कोजवळच्या एका तळघरात लेफ्टनंट कर्नल स्तानिस्लाव पेत्रोव पहाऱ्यावर असताना यंत्राने इशारा दिला, की अमेरिकेने अण्वस्त्र सोडले आहे. मग आणखी चार. नियमाप्रमाणे ही खबर वर पाठवायची, आणि वरचे काय करतील ते उघड होते. पेत्रोवने विचार केला, की लढाई सुरू करायची तर कोणी पाच अस्त्रांनी करील का? त्याने यंत्र चुकते आहे असे कळवले आणि वाट बघत बसला. काही आले नाही. उपग्रहाने अस्त्रे म्हणून जे पाहिले ते उंचावरच्या ढगांवरून परावर्तित झालेले ऊन होते. फुग्यांच्या जागी ढग! जगाला ही हकीकत कळायला १९९० नंतरचे दशक उजाडले. म्हणजे त्या सप्टेंबरात युरोपभरची पोरे ज्या गाण्यावर नाचत होती, तेच गाणे एका तळघरात जवळजवळ खरे होऊ घातले होते, आणि कोणालाच पत्ता नव्हता.

पंचाने पुणे-नगर मनातून बाजूला ठेवले. मॅकफेरिनचा हात धरला, नेनाचा हात वर केला. घरातली मंडळी खवळली ती खवळलीच. ‘घरच्या माणसाला पाडलेस’ असे आम्हांला अजून ऐकवले जाते.

गदा द्यायची वेळ आली तेव्हा फुगे बघत राहिलेला कार्लो कार्गेस हजर नव्हता. तो २००२ साली वारला. पेत्रोवला सन्मानाचा फेटा बांधावा म्हटले, तर तोही २०१७ साली गेला. तेव्हा गदा नेनानेच खांद्यावर घेतली. गाणे गाजले तेव्हा ती तेवीस वर्षांची होती. पुढे आजी झाल्यावरही ती ते गात राहिली.

गर्दी उठू लागली होती. मातीच्या पलीकडे, जिथे मघाशी पहिल्याच फेरीत बाद झालेले पाखराचे गाणे जाऊन बसले होते, तिथे कोणीतरी ते लावून दिले होते. गावातली सगळी चिल्लीपिल्ली आणि दोन-तीन पोक्त बायका कोपरे फडफडवीत त्यावर नाचत होत्या, आणि हलगीवालाही आपली बिदागी घ्यायची विसरून तिकडेच गेला होता.